पुण्यस्मरणाच्या चार ओळी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर काळी चौकट असते. तिच्यात फोटो, खाली ‘प्रथम पुण्यस्मरण’, मग चार ओळींची कविता आणि शेवटी ‘शोकाकुल’ म्हणून घरातल्यांची नावं. त्या चार ओळी कुणीतरी बसून लिहिलेल्या असतात. गिरगावपासून लालबागपर्यंतच्या पट्ट्यातल्या अशा पुष्कळ ओळी मी लिहिल्या आहेत. १९७५ साली गिरगावातल्या एका लहान छापखान्यात मी खिळे जुळवायला लागलो. पुढे लालबागला डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, गणेशोत्सवाची पावतीपुस्तकं, भजनी मंडळांच्या वह्या हे रोजचं काम. पण तेराव्याचा कागद किंवा वर्षश्राद्धाचं कार्ड घेऊन येणारा माणूस हमखास म्हणायचा, ‘‘वर दोन-चार ओळी टाका ना.’’ त्या टाकता टाकता शोकाच्या कवितेतलं वृत्त, यमक आणि पालुपद यांच्याविषयी जे कळलं ते लिहून ठेवतो आहे. क्रम काळाचा नाही, आठवत गेलं तसा आहे.

१. आवाज फुटतो तिथे वृत्त हात देतं

माझा थोरला भाऊ गेला तेव्हा चाळीच्या पटांगणात शोकसभा झाली. दादाने मला वाढवलं होतं, त्यामुळे बोलायचं मीच हे सगळ्यांनी धरलेलं होतं. मी रात्रभर बसून पानभर लिहिलं, साध्या गद्यात, कारण यमकं जुळवणं मला त्या रात्री पाप वाटलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज फुटला. तिसरं वाक्य डोळ्यांसमोर होतं, पण ते कुठून उचलायचं हे कळेना. शेवटी कुणीतरी हातातला कागद घेतला.

त्यानंतर दादाच्या भजनी मंडळातले एक म्हातारे गृहस्थ उठले. दादाचा त्यांच्यावर माझ्याइतकाच जीव होता. त्यांनी टाळ घेतले आणि अभंग सुरू केला. डोळ्यांतून धार लागली होती, सदरा भिजत होता, पण अभंग शेवटच्या चरणापर्यंत गेला. एकही अक्षर गळलं नाही.

हा फरक मी बरेच महिने मनात घोळवत होतो. गद्यात प्रत्येक वाक्याला श्वास कुठे घ्यायचा, जोर कुठे द्यायचा, कुठे थांबायचं हे बोलणाऱ्याला नव्याने ठरवावं लागतं. दुःखात नेमकं हेच जमत नाही. अभंगाने ते सगळं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आमच्या चाळीच्या लाकडी जिन्यात भिंतीला लोखंडी कड्यांतून ओवलेला काथ्याचा जाड दोर होता. दिवसा धडधाकट माणूस त्याला हात लावत नसे. रात्री दिवे गेले की सगळी चाळ त्याच दोराला धरून उतरायची.

२. पालुपद फुकट येत नाही

छापखान्यातल्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. एका मुलाने आईवर पाच कडवी लिहून आणली होती. प्रत्येक कडव्यात तीन-चार वेळा ‘आई’. मी स्टिकमध्ये खिळे लावत गेलो आणि चौथ्या कडव्यात ‘ई’ संपला. केसमध्ये ‘त’, ‘र’, ‘न’ यांचे खण मोठे असतात, कारण ती अक्षरं सारखी लागतात. ‘ई’चा खण लहान. गल्लीच्या टोकाला दुसरा छापखाना होता, तिथून मूठभर ‘ई’ उसने आणले, तेही त्याच टाइपाचे मिळाले म्हणून. तेव्हा ते पान उभं राहिलं.

खिळ्यांच्या काळात पालुपद एकदा जुळवून पाच ठिकाणी वापरता येत नसे. एक खिळा पानावर एकाच जागी बसतो. म्हणजे तीच ओळ पाच वेळा, अक्षर अक्षर वेचून, उलटी वाचत जुळवायची. पाचव्या कडव्यातली ‘आई’ लावताना माझा हात हळू झाला होता. मजकूर तोच होता, पण आधीची चार कडवी बोटांखालून गेलेली होती. आता संगणकावर ओळ निवडायची आणि हवी तिथे चिकटवायची, क्षणाचं काम. म्हणून मी पुढे दुकानातल्या पोरांना एक शिस्त लावली: पालुपद दर वेळी हाताने टंकायचं. ज्याला ते टंकताना कंटाळा येतो त्याने ओळखावं, कवितेत ते एकदा जास्त झालं आहे.

३. दोन लघू, एक गुरू, आणि मग ठेच

आमच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला एक शास्त्रीबुवा येत. संस्कृत त्यांचं तोंडपाठ. दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला ‘यमाताराजभानसलगं’ घोकायला लावलं आणि आठ गणांची ओळख करून दिली. त्यांच्याजवळ निर्णयसागरचा जुना ‘रघुवंश’ होता. जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेला हा छापखाना आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीत. त्याच्या टाइपाचं वळण शास्त्रीबुवा मला बोटाने दाखवत, आणि मग आठवा सर्ग उघडत. इंदुमती गेल्यावर अजराजा विलाप करतो तो सर्ग. वृत्त वियोगिनी. ‘कुमारसंभवा’च्या चौथ्या सर्गात मदन जळून गेल्यावर रती रडते, तेही वियोगिनीतच. कालिदासाला दोन वेळा मोठा विलाप लिहायचा होता आणि दोन्ही वेळा त्याने हेच माप उचललं.

का, हे मला पुस्तकातून कळलं नाही, लिहिताना कळलं. आमच्या ओळखीच्या एका घरातला तरुण मुलगा अचानक गेला होता. चाळीत दारं दिवसभर उघडी असतात, रात्री लागतात. त्याची आई रात्रीही दार लावू देत नव्हती. वडील कार्डासाठी आले आणि एवढंच सांगून खुर्चीत बसून राहिले. मी दोन ओळी लिहिल्या:

उघडे अजुनी कवाड हे,
परि ती नच पाउले पुन्हा.

शास्त्रीबुवांनी बोटावर मोजलं आणि म्हणाले, ‘‘अरे, दोन्ही ओळी एकाच मापाच्या झाल्या. ही वियोगिनी नव्हे. ठेच राहिली.’’

वियोगिनीच्या पहिल्या आणि तिसऱ्या चरणात दहा अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्यात अकरा. सगळे चरण सुरू होतात सारखेच: दोन लघू, एक गुरू. ‘उ-घ-डे’. दोन झटपट अक्षरं आणि मग लांबलेलं एक. हुंदका असाच येतो, दोन आखूड उसासे आणि एक सोडलेला श्वास. पहिल्या ओळीत हे लगेच पुन्हा होतं: ‘अ-जु-नी’. कानाला ती चाल लागते. दुसरी ओळ त्याच चालीत निघते, आणि कान आता पुन्हा दोन लघूंची वाट बघत असताना चौथ्याच अक्षराला गुरू येतो. पाय पायरीवर पडेल म्हणून टाकावा आणि पायरी वर असावी तसं होतं. मी ओळ बदलली:

उघडे अजुनी कवाड हे,
परि येणार न पाउले पुन्हा.

‘परि ये’ इथपर्यंत सरळ, आणि मग ‘णा’. ठेच ‘येणार’ या शब्दाच्या मधोमध लागते. येणार म्हणता म्हणता नाही होतं. हे मी योजलेलं नव्हतं, वृत्ताने करवून घेतलं. त्या मुलाच्या वडिलांनी ओळी वाचल्या आणि ‘णार’पाशी मान खाली घातली. त्यांना गण-मात्रा काही ठाऊक नव्हतं.

पुढे दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ वाचली. मूळ १९२७ची, वाढवलेली आवृत्ती १९३७ची. मराठीतल्या वृत्तांचा एवढा मोठा पसारा एका माणसाने मांडला याचं मला आजही नवल वाटतं. जुळाऱ्याचं काम करणाऱ्याने तरी ते पुस्तक एकदा हाताळावं.

४. हाताशी आलेलं पहिलं यमक खोडावं

‘आठवण–साठवण’. ‘वियोग–योग’. ‘मूर्ती–कीर्ती’. ही यमकं मी शेकडो कार्डांवर छापली आहेत, काही माझीही. त्यांत खोटं काही नाही, पण ती गेलेल्या माणसाची नसतात. ‘आठवण’ वाचली की ‘साठवण’ येणार हे वाचणाऱ्याला आधीच कळतं आणि मधली ओळ तो वाचतच नाही. कान यमकाची वाट बघतो हे खरं. पण ते ज्या शब्दावर येतं तो शब्द त्या घरातून आलेला असावा. एका आजोबांच्या कार्डावर ‘अडकित्ता’ हा शब्द आणला, तेव्हा घरच्यांनी तेवढ्याच ओळीवर हात फिरवला.

५. जे नाव तोंडातून निघत नाही ते यमकातून निघतं

परळच्या एक बाई यजमानांच्या पहिल्या वर्षाचं कार्ड करायला आल्या. साठी उलटलेली. त्यांनी चार ओळी मनात धरून आणल्या होत्या आणि प्रत्येक ओळ ‘अहो’ने सुरू होत होती. मी म्हटलं, ‘‘ताई, चारही वेळा ‘अहो’ बरं नाही दिसत. एकदा ठेवू, बाकी ठिकाणी दुसरं काही घालू.’’ त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, मी त्यांना दुसरं काय म्हटलंय आयुष्यात?’’

मी गप्प बसलो. मग त्यांनी ओळी म्हणून दाखवल्या. पहिलं ‘अहो’ स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारावी तसं. दुसरं, काही विसरलात का असं विचारणारं. तिसरं हळू. चौथ्या ‘अहो’नंतर त्या थांबल्या, जणू उत्तराची वाट बघत होत्या. शब्द चार वेळा एकच होता आणि चार वेळा वेगळा होता. माझ्या डोळ्यांना कागदावर ते दिसत नव्हतं, कारण कागदाला आवाज नसतो.

कार्ड ठरल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली. खाली यजमानांचं नाव नुसतं ‘कैलासवासी’ लावून छापायचं नव्हतं, ते त्यांना ओळीत यायला हवं होतं, यमकासकट. ‘‘त्यांचं नाव मी उखाण्यातच घेतलंय. लग्नात, डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला. साधं कधी घेतलेलं नाही. आता कसं घेऊ?’’

उखाणा म्हणजे बायकांच्या हौसेचा खेळ, असंच मी धरून चाललो होतो. त्या दिवशी कळलं की आपल्याकडच्या कितीतरी बायकांना नवऱ्याचं नाव उच्चारण्याची एकच वाट मोकळी होती आणि ती यमकातून जात होती. दोन चरण, शेवटी जुळणारा शब्द, आणि त्या जुळणीच्या आडोशाने नाव. जे एरवी बोलायचं नाही ते यमक बोलू देतं. मरणाचंही तसंच आहे. ‘तुम्ही मेलात’ हे घरातलं कुणी सरळ म्हणू शकत नाही. मी त्यांना शेवटच्या दोन ओळी उखाण्याच्या घडणीत लिहून दिल्या. त्यांनी नाव घेतलं, मोठ्याने, माझ्या दुकानात उभं राहून. ते नाव इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

६. हेल काढणाऱ्या बाईला गप्प करू नये

मी दहा-अकरा वर्षांचा असताना शेजारचा एक गिरणीकामगार गेला. रत्नागिरीकडून रात्रीच्या गाडीने त्याची आई आली. लेकासाठी दळलेलं कुळथाचं पीठ पिशवीत तसंच होतं. गॅलरीत पाऊल टाकलं आणि तिने हेल काढला.

कोकणातल्या माणसाला हेल म्हणजे काय ते सांगायला नको. ओळ हाकेने सुरू होते, मध्ये एखादीच गोष्ट येते, आणि शेवटचा स्वर श्वास संपेपर्यंत लांबतो. मग पुन्हा तीच हाक. एका ओळीत तिने कुळथाचं पीठ घातलं, एकीत त्याचा लहानपणचा तापाचा आजार, एकीत शेतातला बांध. ओळीची लांबी एका श्वासाएवढी, ना कमी ना जास्त. चाळीतल्या गावाकडच्या बायका ओळीच्या शेवटच्या स्वरात आपला स्वर मिसळत होत्या. दुसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी म्हणालं, ‘‘त्यांना शांत करा, पाणी द्या.’’ तिला आत नेलं. हेल तुटला आणि मग ती नुसती किंचाळली.

ती किंचाळी ऐकवत नव्हती, हेल ऐकवत होता. पुस्तकातल्या वृत्तांना नावं आहेत, गण आहेत. हेलाला कुणी माप लावलेलं मी वाचलेलं नाही. पण हाक परत परत येण्यामुळे ती बाई एका गोष्टीकडून दुसऱ्या गोष्टीकडे जाऊ शकत होती, एवढं मी पाहिलं आहे. आता चाळींचे टॉवर झाले, दारं बंद असतात, हेल क्वचित कानावर येतो.

७. पाळणा आणि विलाप यांची चाल जवळची

पाळण्यात पालुपद का असतं? पाळणा जातो आणि परत येतो म्हणून. झोका परत आला की ओळ परत येते. मूल शब्द ऐकत नाही, परत येणं ऐकतं.

गोविंदाग्रजांची, म्हणजे गडकऱ्यांची, ‘राजहंस माझा निजला’ मी पहिल्यांदा वाचली ती ‘वाग्वैजयंती’त. हा संग्रह गडकरी गेल्यावर, १९२१ मध्ये निघाला. अल्पवयात विधवा झालेली आई, एकुलतं एक मूल गेलेलं, आणि ती ते मांडीवरून कुणाला उचलू देत नाही. कवितेचं नावच तिचं पालुपद आहे. पहिल्यांदा ते पाळण्यातल्या ओळीसारखंच वाटतं: बाळ झोपलं आहे, आवाज करू नका. पुढच्या कडव्यात भोवतालची माणसं आणखी काही सांगू पाहतात आणि ती तेच म्हणते. ओळीतला एक शब्दही हलत नाही, हलते ती आपल्या पायाखालची जमीन. शेवटी शेवटी ‘निजला’ या शब्दाकडे बघवत नाही. तिने एकदा जरी शब्द बदलला असता, एकदा जरी ‘गेला’ म्हटलं असतं, तर वाचणारा सुटला असता. गडकरी तिला आणि आपल्याला सोडत नाहीत. मराठीत विलापिका पुष्कळ झाल्या, पण पालुपदाचं एवढं धैर्य मला दुसरीकडे दिसलं नाही.

त्यानंतर लहान मुलांच्या कार्डांसाठी मी पाळण्याची चाल कधी वापरली नाही. ती आयांना सहन होणार नाही.

८. चौदा ओळी, तीन वेळा

माझी भाची लग्नानंतर कोपनहेगनला गेली आणि तिथली भाषा शिकली. एका रविवारी तिचा फोन आला. ‘‘मामा, तुझ्या कामाचं पुस्तक सापडलंय. डॅनिश आहे, पण तू ऐकच.’’ इंगर क्रिस्टेन्सन या कवयित्रीचं १९९१ सालचं लहानसं पुस्तक. नावाचा अर्थ ‘फुलपाखरांची दरी’, खाली लिहिलेलं: एक रेक्विएम. मेलेल्यांसाठी ख्रिस्ती लोक जी प्रार्थना गातात तिला रेक्विएम म्हणतात. पंधरा सुनीतं. फुलपाखरं, बालपण, गेलेली माणसं आणि स्वतःचं येणारं मरण.

सुनीत आपल्याला परकं नाही. आमच्या रत्नागिरीकडचे, मालगुंडचे केशवसुत यांनी १८९२ मध्ये ते मराठीत आणलं. आपल्याकडे ते बहुधा शार्दूलविक्रीडितात लिहिलं गेलं, एकोणीस अक्षरांची भारदस्त ओळ. भाचीने वाचायला सुरुवात केली आणि मी सवयीने टेबलावर बोट आपटू लागलो. ऱ्हस्व-दीर्घ लागेना. ती म्हणाली, इथे अक्षराची लांबी मोजत नाहीत, जोर मोजतात. एक हलकं, एक जोराचं, ओळीत असे पाच ठोके. मग लागलं. अर्थ कळत नव्हता, पण ओळींच्या शेवटी स्वर एकमेकांना भेटत होते ते कळत होतं.

पण मला धरून ठेवलं ते रचनेने. पहिल्या सुनीताची शेवटची ओळ दुसऱ्याची पहिली होते, दुसऱ्याची शेवटची तिसऱ्याची पहिली, आणि चौदाव्याची शेवटची ओळ फिरून पहिल्या सुनीताच्या पहिल्या ओळीला येऊन मिळते. मग पंधरावं सुनीत येतं. त्यात नवी ओळ एकही नाही. आधीच्या चौदा सुनीतांच्या चौदा पहिल्या ओळी ओळीने उभ्या आहेत. म्हणजे त्या चौदांतली प्रत्येक ओळ पुस्तकात तीन वेळा येते: एकदा शेवट म्हणून, एकदा सुरुवात म्हणून, एकदा बाकीच्यांच्या सोबतीने.

मी भाचीला म्हटलं, हे आपल्याकडे आहे, लहान मापात. दामयमक. चरणाच्या शेवटची अक्षरं पुढच्या चरणाच्या आरंभाला घ्यायची. मोरोपंतांनी ते खेळवलं, वामनपंडितांना तर लोक ‘यमक्या वामन’ म्हणत. दाम म्हणजे माळ, आणि दोरसुद्धा. आपल्या पंडितांनी ते पुष्कळदा कसब दाखवायला वापरलं, म्हणून शाळेत ते अलंकारांच्या यादीत घोकून संपलं. या बाईंनी तेच मरणाच्या कामाला लावलं. जी ओळ एका कवितेचा शेवट आहे तिलाच पुढच्या कवितेत उठून चालायला लावलं. घरात माणूस गेल्यावर असंच असतं. रात्री जे शेवटचं मनात येतं तेच सकाळी पहिलं येतं.

भाचीकडून पंधरावं सुनीत मी तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा काही ओळी मला आवाजावरून ओळखू आल्या. भाषा येत नसताना ओळी ओळखीच्या झाल्या, त्या परत आल्या म्हणून.

९. कधी वृत्त बाजूला ठेवावं लागतं

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुढच्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या कार्डांतले कितीतरी फोटो पन्नाशीच्या आतले होते. त्यांच्या सोबत्यांना अभंग नको असे, श्लोक नको असे. ते म्हणत, ‘‘तो बोलायचा तसं लिही.’’ परळचे नारायण सुर्वे आम्ही वाचलेले होते. गिरणगावचं बोलणं कवितेत तसंच्या तसं उभं राहू शकतं हे त्यांनी दाखवलं होतं. मी मुक्तछंदात लिहिलं. वृत्त नाही, यमक नाही, एकच गोष्ट परत आणली: पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. तेवढं पुरलं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य पाळ्यांनी मोजलं गेलं त्याच्यासाठी वेगळं माप कुठून आणायचं?

१०. मोजताना रिकामी जागाही मोजावी

मोठ्या अभंगाचे चार चरण. सहा अक्षरं, सहा, सहा आणि चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळतं आणि चौथा चरण यमकाबाहेर, दोन अक्षरांनी आखूड. गाताना ती जागा टाळ भरून काढतात, शेवटचा स्वर लांबतो, त्यामुळे कमी पडल्याचं जाणवत नाही. वाचताना मात्र ती जागा तशीच राहते. हे मी वर्षानुवर्षं जुळवत आलो होतो. चौथ्या चरणापुढे कोऱ्या शिशाचे तुकडे भरायचे आणि ओळ घट्ट करायची. ते तुकडे कागदावर उमटत नाहीत.

दादाचं पहिलं पुण्यस्मरण आलं. या वेळी मी पान लिहिलं नाही. लहानपणी रात्री खाली नळावर जायचं असलं की दादा पुढे आणि मी मागे. तो दोर धरू द्यायचा नाही, काथ्याने हात सोलतात म्हणून, आपला हात द्यायचा. मी एवढंच लिहिलं:

जिना उतरता । तुझा हात होता ।
दोर तोच आता । भिंतीपाशी ॥

कार्ड छापून घरी नेलं. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या, शब्दाखाली बोट धरून वाचतात. खिडकीजवळ उजेडाला जाऊन त्यांनी चष्मा लावला. मी दाराशीच उभा राहिलो. ‘‘जिना उतरता,’’ त्यांनी वाचलं, बोट पुढे गेलं. ‘‘तुझा हात होता.’’ आवाज हलला, पण ‘होता’ला ‘आता’ येऊन मिळालं आणि त्या पुढे गेल्या. ‘‘दोर तोच आता… भिंतीपाशी.’’ तिथे शब्द संपले. बोट थांबलं नाही. ते दोन अक्षरं पुढे सरकलं, आणि दंडाच्या अलीकडे, कोऱ्या कागदावर टेकून राहिलं.